दोन मॉनिटरवर विंडो हरवते, फिसकटते, धूसर दिसते तेव्हा

टास्कबारवर प्रोग्रॅमचं चिन्ह दिसतंय. त्याच्याखाली तो चालू असल्याची बारीक रेघही आहे. त्यावर माउस नेला की छोटं चित्र दिसतं, म्हणजे फाइल उघडी आहे. पण क्लिक केलं तरी दोन्हीपैकी एकाही स्क्रीनवर काही येत नाही. दुसरा मॉनिटर जोडून काम करणाऱ्यावर ही वेळ कधी ना कधी येतेच. अशा वेळी पुष्कळ जण घाबरून मशीन रीस्टार्ट करतात आणि सेव्ह न केलेलं काम हातचं घालवतात. कृपा करून तसं करू नका. ती विंडो जागेवरच आहे, फक्त तिची जागा तुम्हाला दिसत नाही.

हा लेख मुख्यतः विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्यांसाठी आहे. शेवटी मॅक आणि लिनक्सबद्दल थोडं आहे. सेटिंगची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतात, म्हणून ती तशीच देवनागरीत दिली आहेत.

आधी हे समजून घ्या, पुढचं सोपं जाईल

दोन सतरंज्या शेजारी-शेजारी अंथरल्या की जशी एकच बैठक होते, तसे दोन मॉनिटर ‘एक्स्टेंड’ करून जोडले की विंडोजच्या लेखी एकच मोठी जागा तयार होते. प्रत्येक विंडो या जागेत कुठे आहे याची नोंद आकड्यांत असते. मुख्य मॉनिटरचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य. तिथून उजवीकडे आणि खाली आकडे वाढत जातात. दुसरा मॉनिटर डावीकडे लावला असेल तर त्यावरचे आडवे आकडे उणे होतात. फुल एचडी (१९२० × १०८० ठिपक्यांचा) मॉनिटर डावीकडे असला तर त्याची डावी कड उणे १९२० वर येते.

अडचण कुठे होते बघा. अनेक प्रोग्रॅम बंद होताना आपली शेवटची जागा लिहून ठेवतात आणि पुढच्या वेळी तिथेच उघडतात. ऑफिसात डावीकडच्या मॉनिटरवर बंद केलेला प्रोग्रॅम घरी नुसत्या लॅपटॉपवर उघडला, की तो उणे आकड्यांच्या जागी जाऊन बसतो. विंडोज बऱ्याचदा ही गडबड ओळखून विंडो आत ओढून घेतं, पण जुने प्रोग्रॅम आणि काही हिशेबाची सॉफ्टवेअर आपलंच खरं करतात. पुढे येणाऱ्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हेच असतं: विंडोजकडचा नकाशा एक सांगतो आणि तुमच्या टेबलावरची मांडणी दुसरी असते.

सेटिंगमध्ये शिरण्याआधी

केबल दोन्ही टोकांना नीट बसली आहे का ते हाताने दाबून बघा. मॉनिटरच्या मेनूत ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’ म्हणून जे असतं, तिथे तुम्ही लावलेलाच पोर्ट निवडलेला असू द्या. एचडीएमआय १ ला केबल आणि मेनूत एचडीएमआय २, असं फार वेळा आढळतं.

डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर दोन्ही केबल त्या कार्डालाच लावा. कॅबिनेटच्या मागे वरच्या भागात, यूएसबीच्या शेजारी जे पोर्ट असतात ते मदरबोर्डचे, आणि खाली आडव्या पट्टीत असतात ते कार्डचे. एक इथे, एक तिथे असं केलं की दुसरी स्क्रीन बऱ्याच मशीनवर काळीच राहते.

लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून मॉनिटर चालवायचा असेल तर त्या पोर्टला चित्र बाहेर पाठवण्याची, म्हणजे डिस्प्लेपोर्टची, सोय असावी लागते. सगळ्याच टाइप-सी पोर्टना ती नसते. काही नुसते चार्जिंग आणि डेटापुरते असतात. मॉडेलची माहिती बघितल्याशिवाय कन्व्हर्टर विकत घेऊ नका. यूएसबीवर चालणारे काही डॉक (अनेक पोर्ट असलेली छोटी पेटी) आणि ॲडॅप्टर डिस्प्लेलिंक नावाच्या तंत्रावर चालतात. त्यांचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) टाकावा लागतो, नाहीतर मॉनिटर ओळखलाच जात नाही.

आता विंडोज की धरून ‘पी’ दाबा. चार पर्याय येतात. ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ म्हणजे फक्त पहिली स्क्रीन, ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र, ‘एक्स्टेंड’ म्हणजे जागा वाढवणं, आणि ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ म्हणजे फक्त दुसरी. कामासाठी एक्स्टेंड हवं. डुप्लिकेटवर राहिलं असेल तर दोन्ही स्क्रीनना झेपेल असं एकच रेझोल्यूशन (आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या) धरलं जातं, आणि १२८० × १०२४ चा जुना चौकोनी मॉनिटर जोडलेला असला की चांगल्या स्क्रीनवरही सगळं ताणलेलं किंवा जाडंभरडं दिसू लागतं.

चुकून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडलं आणि सगळं काळं झालं, तर लॅपटॉपला लावलेली केबल काढा. चित्र लॅपटॉपवर परत येईल.

हरवलेली विंडो परत आणणं

सगळ्यात सोपा उपाय आधी. टास्कबारवरच्या चिन्हावर एकदा क्लिक करा, म्हणजे ती विंडो निवडली जाईल. मग विंडोज की आणि शिफ्ट एकत्र धरून डावा किंवा उजवा ॲरो दाबा. विंडो एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर उडी मारते. दोन मॉनिटर चालू असताना हे जवळपास नेहमी लागू पडतं. माउसने ओढत नेण्यापेक्षाही हे जलद आहे, त्यामुळे विंडो हरवलेली नसतानाही वापरत जा.

एकच मॉनिटर उरला असेल, किंवा विंडो दोन्हीच्या बाहेर गेली असेल, तर हा दुसरा मार्ग:

१. टास्कबारवरच्या चिन्हावर क्लिक करून विंडो निवडा.

२. ऑल्ट धरून स्पेसबार दाबा. एक छोटा मेनू उघडतो: रीस्टोअर, मूव्ह, साइझ, मिनिमाइझ, मॅक्सिमाइझ, क्लोज. विंडो बाहेर असल्यामुळे हा मेनू अर्धवट दिसेल किंवा दिसणारही नाही. तरी पुढे जा.

३. ‘एम’ दाबा. हा ‘मूव्ह’.

४. आता कुठलाही एक ॲरो एकदाच दाबा. ही पायरी लोक विसरतात आणि मग उपाय चालत नाही म्हणतात. ॲरो दाबल्यावर विंडो माउसच्या बाणाला चिकटते.

५. माउस हळूहळू स्क्रीनच्या मध्याकडे आणा. बटण दाबून धरू नका, नुसता हलवा. विंडो मागोमाग येते. हवी तिथे आली की एक क्लिक करून सोडा.

मेनूत ‘मूव्ह’ फिकट दिसत असेल, तर विंडो मॅक्सिमाइझ झालेली आहे. आधी ऑल्ट आणि स्पेसनंतर ‘आर’ दाबून ती मूळ आकारात आणा, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

काही मशीनवर ऑल्ट आणि स्पेसची जोडी दुसऱ्याच प्रोग्रॅमने घेतलेली असते; ती दाबली की शोधपट्टी नाहीतर एआय सहायक उघडतो. अशा वेळी शिफ्ट धरून टास्कबारवरच्या चिन्हावर राइट-क्लिक करा, तोच मेनू मिळतो. एकाच प्रोग्रॅमच्या दोन-तीन विंडो उघड्या असतील तर चिन्हावर माउस नेऊन थांबा आणि हव्या त्या छोट्या चित्रावर राइट-क्लिक करा.

विंडो परत आली की लगेच तो प्रोग्रॅम एकदा बंद करून पुन्हा उघडा. नवी जागा नोंदली जाते आणि उद्या हीच अडचण येत नाही.

आणखी एक कारण नजरेतून सुटतं. टीव्ही एचडीएमआयने जोडलेला असेल आणि रिमोटने बंद केला, तरी लॅपटॉपला तो बरेचदा जोडलेलाच वाटतो. मग विंडो त्या बंद टीव्हीवर उघडतात. माउस एका कडेबाहेर गडप होतो, ही त्याची खूण. टीव्ही वापरत नसाल तेव्हा विंडोज की आणि ‘पी’ दाबून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ करा.

माउस अडतो, विंडो भलत्याच बाजूने निघते

सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये जा, तिथून डिस्प्ले. वर ‘१’ आणि ‘२’ लिहिलेले दोन चौकोन दिसतात. हाच तो नकाशा. ‘आयडेंटिफाय’ दाबलं की दोन्ही मॉनिटरवर आपापला आकडा मोठ्या आकारात उमटतो.

टेबलावर दुसरा मॉनिटर डावीकडे आहे आणि नकाशात उजवीकडे, तर माउस उलट बाजूने बाहेर पडणारच. चौकोन माउसने धरून योग्य बाजूला ओढा आणि ‘अप्लाय’ करा. एवढंच. पण उंची जुळवणं हे नाजूक काम आहे, आणि त्यासाठी पाच मिनिटं द्यावीत असं मला मनापासून वाटतं, कारण दिवसभराच्या कामात हाच फरक जाणवतो.

समजा, लॅपटॉप टेबलावर आहे आणि मॉनिटर स्टँडवर, वर. नकाशात मात्र दोन्ही चौकोनांच्या वरच्या कडा एका रेषेत आहेत. अशा वेळी माउस लॅपटॉपच्या मध्यावरून सरळ बाजूला नेला की तो मॉनिटरवर भलत्याच उंचीला निघतो. काही जागी तर तो कडेला धडकून थांबतो, कारण नकाशात तिथे पलीकडे काहीच नाही. चौकोन जिथे एकमेकांना टेकलेले आहेत, तेवढ्याच भागातून वाट असते. लॅपटॉपचा चौकोन थोडा खाली ओढा, अप्लाय करा, आणि माउस तीन-चार ठिकाणांहून आडवा फिरवून बघा. दोन्ही स्क्रीनवर तो डोळ्यांना एका रेषेत जाताना दिसेपर्यंत चौकोन थोडा-थोडा सरकवा.

हे चौकोन इंचांप्रमाणे नसतात, पिक्सेलप्रमाणे (स्क्रीनवरच्या ठिपक्यांप्रमाणे) असतात. २४ इंची फुल एचडी मॉनिटर आणि २४ इंचीच फोर-के (३८४० × २१६०) मॉनिटर शेजारी ठेवले तर टेबलावर ते सारखे दिसतील, पण नकाशात फोर-केचा चौकोन उंचीला दुप्पट असेल. त्यामुळे सगळीकडे अचूक जुळवणी होत नाही. जिथून माउस जास्त वेळा नेता, तो भाग जुळवून घ्या. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत याच पानावर ‘मल्टिपल डिस्प्लेज’ उघडलं की ‘ईझ कर्सर मूव्हमेंट बिट्वीन डिस्प्लेज’ असा पर्याय मिळतो. तो चालू केला की कडेला अडकणारा माउस बराच सुटतो.

त्याच जागी, ज्या स्क्रीनवर तुमची नजर जास्त असते तिचा चौकोन निवडून ‘मेक धिस माय मेन डिस्प्ले’ वर टिक करा. नव्या विंडो आणि लॉगिनची चौकट साधारणपणे मुख्य स्क्रीनवर येतात. दुसऱ्या स्क्रीनवर टास्कबार हवा असेल, तर विंडोज ११ मध्ये पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेवियर्स या वाटेने जाऊन ‘शो माय टास्कबार ऑन ऑल डिस्प्लेज’ चालू करा.

अक्षरं धूसर, विंडो एकीकडे मोठी आणि दुसरीकडे लहान

१५.६ इंची लॅपटॉप आणि २४ इंची मॉनिटर, दोन्ही १९२० × १०८०. लॅपटॉपवर एका इंचात साधारण १४१ पिक्सेल बसतात, मॉनिटरवर ९२. म्हणजे तेच अक्षर लॅपटॉपवर बारीक पडतं. ते वाचता यावं म्हणून विंडोज लॅपटॉपला १२५ किंवा १५० टक्के मोठं करतं आणि मॉनिटरला १०० टक्क्यांवर ठेवतं. याला स्केलिंग म्हणतात. विंडो एकीकडून दुसरीकडे ओढताना मध्येच तिचा आकार बदलतो, त्यामागे हेच आहे. तो बिघाड नाही.

धूसरपणा येतो तो जुन्या प्रोग्रॅममुळे. प्रत्येक मॉनिटरसाठी वेगळं स्केलिंग विंडोज ८.१ पासून, म्हणजे २०१३ पासून आलं. त्याआधीच्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रॅमना ते कळत नाही, मग विंडोज त्यांचं तयार चित्र ताणून दाखवतं. उपाय असा: प्रोग्रॅमच्या चिन्हावर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. तिथे ‘ओव्हरराइड हाय डीपीआय स्केलिंग बिहेवियर’ वर टिक करून खालच्या यादीतून आधी ‘सिस्टिम (एन्हान्स्ड)’ निवडून बघा. नाही जमलं तर ‘ॲप्लिकेशन’. दर वेळी प्रोग्रॅम पूर्ण बंद करून उघडा, त्याशिवाय फरक दिसत नाही. ‘ॲप्लिकेशन’ निवडल्यावर अक्षरं स्पष्ट होतात पण कधीकधी फार बारीक होतात. दिवसभर त्याच प्रोग्रॅममध्ये काम असेल तर तो सरळ १०० टक्केवाल्या मॉनिटरवरच ठेवावा, डोळ्यांना तेच बरं.

स्केलिंगच्या पानावर ‘कस्टम स्केलिंग’मध्ये स्वतःचा आकडा मात्र भरू नका. तो सगळ्या मॉनिटरना एकसारखा लागू होतो आणि नवीनच गोंधळ सुरू होतो.

एक्सेल किंवा वर्डची विंडो दुसऱ्या स्क्रीनवर नेल्यावर फिसकटत असेल, तर फाइल, ऑप्शन्स, जनरल इथे जा. ‘व्हेन युझिंग मल्टिपल डिस्प्लेज’ खाली ‘ऑप्टिमाइझ फॉर कम्पॅटिबिलिटी’ निवडा आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा. आणि दोन एक्सेल फाइल दोन स्क्रीनवर वेगवेगळ्या ठेवताच येत नसतील तर आवृत्ती बघा: एक्सेल २०१० पर्यंत सगळ्या फाइल एकाच मोठ्या चौकटीत उघडायच्या, २०१३ पासून प्रत्येकीला स्वतंत्र विंडो मिळते.

मॉनिटर व्हीजीए केबलवर असेल तर सगळंच किंचित धूसर दिसतं. मॉनिटरवरचं ‘ऑटो ॲडजस्ट’ दाबून बघा. जमलं तर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट वापरा. टीव्हीवर चारही कडा कापल्या जात असतील, तर टीव्हीच्या पिक्चर मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असा पर्याय शोधा. कंपनीगणिक नाव बदलतं.

लाइट गेली, आली, आणि सगळ्या विंडो एकाच स्क्रीनवर

आपल्याकडे हे नेहमीचं. मॉनिटर सरळ भिंतीच्या प्लगवर, लॅपटॉप बॅटरीवर. लाइट गेली की मॉनिटर नाहीसा होतो, विंडोज सगळ्या विंडो लॅपटॉपवर गोळा करतं, आणि लाइट आल्यावर त्या पुन्हा एकेक हलवत बसावं लागतं. डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर नुसता बटणाने बंद केला तरी अनेकदा हेच होतं.

विंडोज ११ मध्ये यावर चांगली सोय आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज. तिथे ‘रिमेम्बर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन’ वर टिक असू द्या. त्याखालचं ‘मिनिमाइझ विंडोज व्हेन अ मॉनिटर इज डिस्कनेक्टेड’ हेही चालू ठेवा. मग मॉनिटर गेल्यावर त्याच्यावरच्या विंडो मिनिमाइझ होतात आणि मॉनिटर आल्यावर आपापल्या जागी परततात. विंडोज १० मध्ये हे पर्याय नाहीत, आणि मायक्रोसॉफ्टने त्या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. मशीन ११ पेलत असेल तर दोन मॉनिटरवाल्यांनी ते जरूर घ्यावं. खरा इलाज मात्र मॉनिटरलाही यूपीएसवर घेणं हाच.

लॅपटॉप मिटवून फक्त मॉनिटरवर काम करायचं असेल, तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूझ व्हॉट क्लोझिंग द लिड डझ’ उघडून ‘प्लग्ड इन’ खाली ‘डू नथिंग’ करा.

स्क्रीन काळी पडते, लुकलुकते

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ या चार की एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होते, बहुधा एक बीप ऐकू येतो, आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडी कामं तशीच राहतात. फक्त ब्राउझरचीच विंडो काळी किंवा पांढरी राहत असेल, तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून बघा. फोर-के मॉनिटरवर माउस जड वाटत असेल तर ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेट (स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने काढलं जातं तो आकडा) तपासा. एचडीएमआय १.४ वर फोर-के ३० हर्ट्झपर्यंतच चालतं; ६० साठी लॅपटॉपचा पोर्ट, केबल आणि मॉनिटर तिन्ही एचडीएमआय २.० किंवा त्यापुढचे लागतात.

प्रोजेक्टर लावणाऱ्या शिक्षकांसाठी

पॉवरपॉइंट सुरू केल्यावर तुमच्या टिपा वर्गाला दिसतात आणि स्लाइड तुमच्या लॅपटॉपवर, असं झालं तर केबल ओढू नका. तुमच्या टिपांच्या स्क्रीनवर वर ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ आहे, त्यात ‘स्वॅप प्रेझेंटर व्ह्यू अँड स्लाइड शो’ निवडा. कायमचं करायचं तर ‘स्लाइड शो’ टॅबमध्ये ‘मॉनिटर’ समोर प्रोजेक्टर निवडून ठेवा. वर्ग भरायच्या आधी ऑल्ट आणि एफ५ दाबून प्रेझेंटर व्ह्यू एकदा उघडून बघितलेला बरा.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर विंडोच्या हिरव्या बटणावर माउस नेऊन थांबलं की ती दुसऱ्या स्क्रीनवर पाठवायचा पर्याय येतो. एक विंडो दोन्ही स्क्रीनवर पसरवायची असेल आणि अर्धी कापली जात असेल, तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप अँड डॉक इथे ‘डिस्प्लेज हॅव सेपरेट स्पेसेस’ बंद करा, मग लॉगआउट करून परत या. एम१ चिपची मॅकबुक एअर बाहेरचा एकच मॉनिटर चालवते, त्यामुळे दोन घेण्याआधी विचार करा. लिनक्सवर गनोम हा डेस्कटॉप असेल तर सुपर (म्हणजे विंडोज की), शिफ्ट आणि ॲरो ही जोडी विंडोजसारखीच विंडो पलीकडे नेते.

एवढं करूनही प्रश्न सुटला नाही आणि कुणाला फोन करायची वेळ आली, तर आधी या गोष्टी कागदावर लिहून घ्या: विंडोजची आवृत्ती (विंडोज की आणि ‘आर’ दाबून ‘विनव्हर’ टाइप केलं की कळते), लॅपटॉप आणि दोन्ही मॉनिटरचं मॉडेल, मध्ये कुठली केबल, कन्व्हर्टर किंवा डॉक आहे ते, आणि प्रत्येक स्क्रीनचं रेझोल्यूशन व स्केलिंग. डिस्प्लेच्या पानावरच्या त्या दोन चौकोनांचा विंडोज, शिफ्ट आणि ‘एस’ दाबून स्क्रीनशॉट काढा आणि टेबलाचा मोबाइलवर एक फोटो घ्या. दोन्ही एकत्र पाठवले की समोरच्याला नकाशा आणि मांडणी कुठे जुळत नाही ते लगेच दिसतं.